क्लचकाकांचं लिंबू

क्लचकाकांच्या गाडीत शिकायला बसायचं तर डावा बूट काढून बसावं लागायचं. उजवा राहू दे, डावा काढ. मोजा चालेल. जानेवारीतल्या हॅरोत, लंडनच्या या उपनगरात, काचेवरचा बर्फ नुकताच खरवडून काढलेला असताना, एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवतारात आपण स्टिअरिंगमागे बसायचं आणि काकांनी शेजारून शांतपणे विचारायचं, "नाडी लागते का?" नाडी म्हणजे क्लचची. क्लच हळूहळू सोडत गेलं की एका ठरावीक जागी गाडी किंचित थरथरते, पुढे जायला तयार होते. इथले इन्स्ट्रक्टर त्याला बाइटिंग पॉइंट म्हणतात. काकांना तो शब्द आवडायचा नाही. "चावतंय कोण तिथे? नाडी आहे ती. आणि बुटातून नाडी बघतं का कुणी?"

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांना ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांना सांगायची गरज नाही. तरुणपणी पुण्याहून डॉक्टर म्हणून इथे आले, वेल्सपासून सुरुवात करून हॉस्पिटलं बदलत बदलत स्टॅनमोरला घर करून स्थिरावले. भूलतज्ज्ञ होते. रिटायर झाल्यावर त्यांचे मित्र बागकामाला लागले, ब्रिज खेळू लागले, क्रूझवर गेले. काकांनी मंडळात नव्याने आलेल्या लोकांना गाडी शिकवायला घेतली. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," ते म्हणायचे, "आता जागं करतोय." हे वाक्य ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवत आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखे स्वतःच हसत.

ऑटोमॅटिक गाडीचं त्यांना वावडं होतं. साधी नावड नव्हे, सोवळ्या माणसाला असावं तसं वावडं. या देशात मॅन्युअल गाडीवर टेस्ट पास झालात तर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात, ऑटोमॅटिकवर झालात तर फक्त ऑटोमॅटिक. त्यामुळे काका त्याला 'अर्धं लायसन्स' म्हणायचे. "ऑटोमॅटिक गाडी माणूस चालवत नाही, ती माणसाला नेते. डावा पाय झोपला की हळूहळू वरचं सगळंच झोपतं." एकदा गणपतीत मंडळातल्या जुन्या सभासदांची मुलगी आर्या, इथेच जन्मलेली, त्यांना म्हणाली, "काका, पण माझा गाडी इलेक्ट्रिक आहे. त्याच्यात गिअर नसतोच. इट्स जस्ट ईझियर, यू नो?" काकांनी मोदकावरची नजर न काढता उत्तर दिलं, "मग बेटा, तू गाडीत बसत नाहीस. लिफ्टमध्ये बसतेस." आर्यासकट सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसले असेन, कारण तेव्हा मी त्यांची लाडकी शिष्या होते.

आणि मग ते लिंबू. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायची आपली रीत. काकांनी त्या रीतीचीच परीक्षा बनवून टाकली होती. मंडळ ज्या शाळेचा हॉल भाड्याने घेतं तिथल्या मागच्या कार पार्कमध्ये, रविवारी, पास झालेल्या माणसाला ते आपल्या जुन्या मरून गाडीत बसवायचे. गाडीचं नाव म्हातारी. पुढच्या चाकाखाली लिंबू. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, नुसत्या क्लचवर गाडी इतकी हळू पुढे घ्यायची की लिंबू जागच्या जागी फुटलं पाहिजे. उडून बाजूला गेलं तर लोक हसणार आणि काका दुसरं लिंबू आणणार. नीट फुटलं की नारळ वाढवायचा, खोबरं वाटायचं, आणि काका आपल्या पाठीवर एक थाप मारायचे. एवढंच. पण त्या थापेसाठी मोठमोठ्या आयटीवाल्यांना मी घाम पुसताना पाहिलं आहे.

एकदा कुणीतरी गमतीने म्हणालं, की ऑटोमॅटिकला हे सोपं आहे, ब्रेकवरचा पाय काढला की गाडी आपली आपण सरकते आणि लिंबू फुटतं. काका म्हणाले, "फुटतं ना. पण त्यात तुझं काय?"

आता माझं सांगते. सांगलीहून लग्न करून हॅरोला आले तेव्हा मी फिजिओथेरपिस्ट होते आणि इथे उतरल्याबरोबर कुणीच नव्हते. इथलं रजिस्ट्रेशन मिळेपर्यंत एका केमिस्टच्या काउंटरवर उभी राहून खोकल्याची औषधं आणि आयलायनर विकत होते. नवरा संदीप सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडून जायचा, मी बसने दुकानात. रजिस्ट्रेशन झालं आणि पुष्कळ नकारांनंतर एका कम्युनिटी टीमने मला घेतलं. म्हाताऱ्या, पडून हाड मोडलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालतं करायचं. माझं काम. मला येणारं काम. अट एकच, रुजू होण्याआधी लायसन्स हवं, कारण दिवसभर घरोघरी जायचं असतं. वसंतापर्यंत जागा धरून ठेवतो, म्हणाले. आईने सांगलीत पेढे वाटून टाकले. मी म्हटलं, आई, अजून गाडी यायची आहे. ती म्हणाली, येईल गं, तुला काय अवघड आहे.

हे सगळं काकांना ठाऊक होतं. नोकरी, अट, वसंत, आईचे पेढे, सगळं. त्याच टीममध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टचीही एक जागा भरायची आहे, तीच अट घालून, हेसुद्धा मीच त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं.

पहिल्या टेस्टला राउंडअबाउटच्या गोल चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्न, शेजारी एक्झामिनरची लिहिणारी पेन्सिल, आणि माझ्या डाव्या पायाला नाडी काही सापडेना. नापास. त्या रविवारी मी भीत भीत विचारलं, "काका, ऑटोमॅटिकची टेस्ट देऊ का? नुसतं लायसन्स हातात येऊ दे. मॅन्युअल मग शिकेन सावकाश." काका चालू वायपरकडे बघत बसले. मग म्हणाले, "दे. अवश्य दे. फक्त ती गाडी माझ्या दारात आणू नकोस." मला इतकी लाज वाटली, की जणू मी त्यांच्याकडे चोरी करायची परवानगी मागितली होती. संदीप घरी डोकं धरून बसला. "अगं, ते काय आपल्या घरचे आहेत का? बुक कर ऑटोमॅटिक." मी त्याच्याशी भांडले. तुला गुरू म्हणजे काय ते कळत नाही, असं काहीतरी भयंकर बोलले.

दुसऱ्या टेस्टला चढावर गाडी मागे सरकली. थोडीशीच. तेवढं पुरतं. पुन्हा नापास. तिसरी तारीख मिळाली ती वसंत उलटून गेल्यानंतरची. टीमच्या बाईंनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं की त्यांना थांबता येणार नाही, आय ॲम सो सॉरी. मी दुकानाच्या मागच्या खोलीत, शाम्पूच्या खोक्यांवर बसून रडले. संध्याकाळी काका आणि काकू घरी आले, काकूंनी शंकरपाळे आणले होते. काका म्हणाले, "नोकऱ्या येतात आणि जातात, अनघा. क्लच एकदा आला की जन्माचा आला." आणि मला ते पटलं! आज विचार करते तेव्हा त्या वाक्याचा नाही, मला ते पटलं याचाच जास्त राग येतो.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे स्टॅनमोरला त्यांच्या घरी गेले. ड्राइव्हवेवर म्हातारीशेजारी एक पांढरी छोटी गाडी उभी होती. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. पुढच्या चाकामागे एक लिंबू, चपटं झालेलं, बिया बाहेर आलेल्या. मला वाटलं, कुणी तरी पास झालं, आपल्याला कसं कळलं नाही? मी खिडकीतून आत डोकावले. खाली दोनच पेडलं होती, क्लच नव्हता.

काकू दार उघडून हसतच बाहेर आल्या. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि यात काही लपवायचं आहे हे बिचारीला कुणी सांगितलंही नसावं. "अगं, आपली मैथिली पास झाली ना! पहिल्याच फटक्यात. उद्या जॉईन होतेय." मैथिली काकांच्या धाकट्या भावाची मुलगी, पुण्याहून येऊन त्यांच्याकडे राहिलेली. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मी सांगितलेली ती दुसरी जागा तिला मिळाली होती. तीच टीम, तीच अट, तोच वसंत. तिला काकांनी म्हातारीत एकदाही बसवलं नव्हतं. सरळ ऑटोमॅटिकच्या इन्स्ट्रक्टरकडे घातलं होतं, आणि मंडळात कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं होतं. हे तिनेच मला पुढे सांगितलं. वाईट मुलगी नाही ती.

तेवढ्यात काका मागून आले. हातात वाटी. मला बघून क्षणभर थबकले, मग वाटी पुढे केली. "घे, खोबरं घे." आपल्याला एक खोड असते, हातावर प्रसाद आला की नाही म्हणता येत नाही. मी घेतलं. तोंडातसुद्धा टाकलं. काका म्हणाले, "चल, आज चढ करू या." त्या चपट्या लिंबाच्या शेजारी उभे राहून! मी बरं वाटत नाही म्हणाले आणि बसस्टॉपवर आले. बसमध्ये बसले तरी ते खोबरं तोंडातच होतं.

आपल्याकडे एक प्रकारचे गृहस्थ असतात. मराठी शाळा टिकली पाहिजे म्हणून व्यासपीठावरून कळवळून बोलतात, दुसऱ्यांच्या मुलांची नावं मराठी शाळेत घालायला लावतात, आणि त्यांची स्वतःची मुलं सकाळी टाय लावून कॉन्व्हेंटच्या बसमध्ये चढतात. मी लहानपणी अशा एकांना सांगलीत पाहिलं होतं आणि माझे वडील त्यांना हसायचे. काका तसे निघतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते खोटं बोलले असते तर मी कदाचित विसरले असते. पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा क्लचवर खराच विश्वास होता. फक्त त्याची किंमत भरायला त्यांनी परक्यांच्या मुली निवडल्या होत्या.

मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. पुढे बेव्हर्ली नावाच्या एका इन्स्ट्रक्टर बाईंकडे शिकले. पहिल्या दिवशी सवयीने डावा बूट काढला तर त्या दचकून म्हणाल्या, "यू ऑल राइट, डार्लिंग?" आणि मजा बघा, शिकले मॅन्युअलच. संदीप म्हणाला, आता कसला हट्ट? हट्ट नव्हता. ऑटोमॅटिकचं पान उघडून मी किती वेळा कॉम्प्युटरसमोर बसले, पण बुक करताना चोरी करतेय असं वाटायचं. ज्यांनी ते माझ्या मनात घातलं त्यांनी आपल्या घरात मात्र घातलं नव्हतं. पास झाले. लिंबू नाही, नारळ नाही, थाप नाही. तशी नोकरी पुन्हा मिळेपर्यंत दुकानात आणखी बराच काळ आयलायनर विकले.

मग काही वर्षांनी एका शनिवारी काकूंचा फोन आला. काकांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, क्लच दाबणं बंद. दोघं कायमचे ब्रिस्टलला मुलाकडे चालले होते. म्हातारी वॉटफर्डच्या एका गॅरेजवाल्याने विकत घेतली होती, तिथे नेऊन द्यायची होती. काकू कधी गाडी शिकल्याच नाहीत. मैथिली हाताशी होती, पण तिला ती कायद्याने चालवता येत नव्हती. अर्धं लायसन्स. काकू चाचरत म्हणाल्या, "हे म्हणाले, अनघाला विचार."

मी गेले. का गेले ते संदीपलाही समजावता आलं नाही. बहुधा काकांनी माझी माफी मागायला हवी होती, आणि ती घ्यायला आपणच जावं लागतं असं मला वाटलं.

काका काठी घेऊन ड्राइव्हवेवर उभे होते. वाळले होते. मी स्टिअरिंगमागे बसले, आणि लक्षात यायच्या आत माझा डावा बूट निघाला होता. त्यांनी तो पाहिला. खिशातून लिंबू काढलं, काकूंच्या हातात दिलं. काकूंनी चाकाखाली ठेवलं. "तुझं राहिलंय," काका म्हणाले. मी ॲक्सिलरेटरपासून पाय दूर ठेवला आणि क्लच सोडत गेले. नाडी लागली. म्हातारी इंचाइंचाने पुढे आली आणि लिंबू जागच्या जागी फुटलं. मैथिलीने टाळ्या वाजवल्या. काका शेजारी येऊन बसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं होतं, ही थाप मिळाली की आतलं काहीतरी सैल होईल. काहीच झालं नाही.

स्टॅनमोर हिल चढताना मध्येच बसच्या मागे थांबावं लागलं. मी गाडी क्लचवर धरली, बस हलली, गाडी तसूभरही मागे न जाता निघाली. "वा," काका म्हणाले. "असं मैथिलीला जन्मात जमायचं नाही." ते मला खूश करत होते. मला राहवलं नाही.

"मग तिला का नाही शिकवलंत, काका?"

टेकडी संपली, रस्ता सपाट झाला. "ती नापास झाली असती, नोकरी गेली असती," ते म्हणाले, "तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"आणि माझ्या आईला?"

काका बाहेर बघत होते. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं, अगदी सरळ, पेशंटला सांगावं तसं म्हणाले, "तुझ्या आईला मी कुठे ओळखत होतो गं?"

मी गिअर बदलला. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. गॅरेजमध्ये चावी दिली, काकांना टॅक्सीत बसवलं, आणि नमस्कार केला, वाकून, रीतीने. ते ब्रिस्टलला गेले. मंडळाच्या ग्रुपवर अजून रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतात. बाकीचे हात जोडतात. मी ते उघडून बघते आणि बंद करते.

मी आजही मॅन्युअलच चालवते, आणि डाव्या बुटाशिवाय. त्यामुळे मंडळात नव्याने आलेल्या मुली आता मला विचारतात, "ताई, मॅन्युअल शिकू की ऑटोमॅटिक?" त्यांना वाटतं माझ्याकडे उत्तर तयार असेल. मी आधी विचारते, नोकरी कधीपासून आहे? मग विचारते, तुझ्या आईचं नाव काय?